आपल्या हाती करवत

(वर्षावासातील व्याख्यानमालेत विहारात केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आजवर धम्म, संविधान, स्पर्धा परीक्षा असे विषय झाले. यंदा आम्ही सुतारकामावर बोलणार असे कळल्यावर काहींच्या कपाळावर आठी पडली. एका ज्येष्ठ उपासकांनी तर स्पष्टच विचारले, "हातातले कष्ट सुटावेत म्हणून बापाने पोटाला चिमटा घेऊन शिकविले, आणि तुम्ही बँकेत बसणारी माणसे पोरांच्या हाती पुन्हा करवत देता?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दिल्यावाचून रंध्या-पटाशीच्या गोष्टी सांगण्यात अर्थ नाही.

आमचे म्हणणे असे की, "पुन्हा" हा शब्दच येथे लागू पडत नाही. गावगाड्यात करवत आपल्या हाती होती केव्हा? सुतार बलुतेदार होता, तसा महारही बलुतेदार होता. पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाट्याला वेस राखणे, सांगावा पोहोचविणे, मेलेले जनावर ओढणे आणि सरपण फोडणे ही कामे आली. लाकूड फोडायची कुऱ्हाड आपली आणि लाकूड घडवायचा रंधा दुसऱ्याचा, अशी ती वाटणी होती. ती कोणाचा हात किती चांगला चालतो हे पाहून झालेली नव्हती, जन्म पाहून झालेली होती. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी 1936 साली लिहिलेले आणि प्रत्यक्षात कधीच न झालेले भाषण आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. माणसाची आवड आणि कुवत न पाहता त्याचा धंदा आधीच ठरवून टाकणे किती घातक, हे त्यात त्यांनी दाखवून दिले आहे. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने गेली, वतनाचे जोखड गेले. पण जी हत्यारे कधी हाती आलीच नव्हती, ती काही कायद्याने आपोआप येत नाहीत. तेव्हा कष्ट वेगळे आणि कसब वेगळे, एवढा फरक मनात ठेवून पुढचे ऐकावे. आणि यात सुतार समाजाबद्दल कुठलाही आकस नाही. आम्हाला रंधा धरायला शिकविला तो एका सुतार मिस्त्रींनीच, तोही चहाशिवाय काही न घेता.

दुसरी गोष्ट धम्माची. बुद्धवचनात सुताराला मोठा मान आहे. धम्मपदाच्या पंडितवग्गात, स्वतःला वळण लावणाऱ्या शहाण्या माणसाशेजारी लाकडाला आकार देणारा सुतार उभा केला आहे. संयुत्त निकायातला दृष्टांत तर आम्हास फार प्रिय आहे. सुताराच्या वाकसाचा दांडा रोज धरून धरून झिजतो, त्यावर बोटांच्या खुणा उमटतात. आज किती झिजला, काल किती झिजला हे त्याला सांगता येत नाही. पण झिजला एवढे मात्र दिसते. साधना करणाऱ्याचे विकार असेच झिजतात, असे भगवंतांनी सांगितले. अलीनचित्त जातकात वाराणसीजवळचे सुतारांचे एक गाव आहे. ते लोक नावेने नदीच्या वरच्या अंगाला जंगलात जात, घराचे वासे-फळ्या तिथेच घडवत, मुख्य खांबापासून प्रत्येक तुकड्याला खूण घालत आणि सारे नावेत भरून खाली आणत. एका हत्तीच्या पायात खैराचे टोक रुतले, ते त्यांनी काढले, आणि तो हत्ती त्यांची लाकडे ओढू लागला, ही कथा पुढची. आम्हाला महत्त्वाची वाटते ती तुकड्यांना खुणा घालण्याची गोष्ट. नवशिक्याने पहिल्या दिवशी शिकावी अशी ती युक्ती आहे.

हे सारे पोथीतलेच राहू नये म्हणून एका रविवारी मुलांना घेऊन कार्ल्याला जावे. पिंपळे गुरवहून कासारवाडी वा दापोडी गाठावी, लोणावळ्याची लोकल धरावी आणि मळवलीला उतरावे. कार्ल्याच्या चैत्यगृहात वर पाहिले की छताला लाकडी कमानींच्या फासळ्या दिसतात. स्तूपावरचे छत्रही लाकडी आहे. सुमारे दोन हजार वर्षांचे ते लाकूड! गंमत अशी की, खडक कोरून केलेल्या छताला या फासळ्यांच्या आधाराची गरजच नाही. आधीची चैत्यगृहे लाकडाची असत, त्यांचे रूप पाथरवटांनी दगडात उतरविले आणि फासळ्याही ठेवल्या. जवळच भाज्याच्या लेण्यात खांब आत कललेले आहेत, तेही लाकडी बांधणीचे अनुकरणच. कार्ल्याच्या दरवाजापाशी एक ब्राह्मी लेख आहे. धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, याने दाराचे काम केले असे तो सांगतो. राजे-श्रेष्ठींच्या दानलेखांबरोबर एका सुताराचे आणि त्याच्या बापाचे नाव त्या भिंतीवर टिकले आहे. या लेण्यावर आपण आपला हक्क सांगतो, तो सांगताना सामीलाही विसरू नये.

आता कामाचे बोलतो. आम्ही घरी सुरुवात केली ती पाटापासून. पाट करताना मापणे, कापणे, रंधणे, जोडणे आणि घासणे ही पाचही कामे येतात, आणि झालेली वस्तू दुसऱ्या दिवसापासून वापरात येते. नंतर चपलांची मांडणी, मग भिंतीवरची फळी, मग मुलीचे लिहिण्याचे डेस्क. डेस्कचे निम्मे रंधकाम मुलीनेच केले, हे येथे मुद्दाम सांगतो. हत्यारे थोडीच लागतात: एक बारीक दातांची करवत, एक रंधा, दोन पटाशा, मोगरी, गुण्या, टेप आणि दोन शिकंजे. यंत्रे नंतर. पैसे वाचवायचे तर यंत्रावर वाचवावेत, धारेच्या दगडावर वाचवू नयेत. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती निसटते, आणि निसटली की हातात घुसते. पटाशीपुढे आपला दुसरा हात कधीही नसावा. घासताना नाका-तोंडाला रुमाल बांधावा.

माप सुतात घ्यायला शिका. आठ सुतांचा इंच. आणि रेषेच्या कोणत्या बाजूने कापायचे ते आधी ठरवा, कारण करवतीलाही स्वतःची जाडी असते. तेवढे लाकूड भुसा होऊन जाते.

लाकूड कोणते घ्यावे? सागवानाचे भाव आपल्याला झेपणारे नाहीत, आणि शिकण्यासाठी ते नासावे असेही नाही. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात सर्व प्रकार मिळतात. पण आपल्या भोसरी-चाकणच्या पट्ट्यात परदेशी यंत्रसामग्री येते ती पाईनच्या खोक्यांत. हे लाकूड मऊ, सरळ आणि स्वस्त. पूर्वी ते चिखलीच्या कुदळवाडीतल्या गोदामांतून मिळे. 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेने तेथील बांधकामे पाडली. आता आम्ही कारखान्यातल्या ओळखीच्या कामगारांमार्फत, रीतसर पावती करून घेतो. मात्र एक काळजी घ्यावी. अशा लाकडावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो. त्यात "एचटी" अशी अक्षरे असली तर ते लाकूड कीड मारण्यासाठी उष्णता देऊन तयार केलेले आहे. त्याच्या गाभ्याला किमान 56 अंश सेल्सिअस उष्णता 30 मिनिटे मिळालेली असते. "एमबी" असले तर मिथाइल ब्रोमाइड हा विषारी वायू वापरलेला असतो. ते आम्ही घरात आणत नाही. शिक्का नसेल तरीही आणत नाही.

पावसाळ्याचेही सांगितले पाहिजे. लाकूड दमट हवेत फुगते, पण लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत फुगते. म्हणून उन्हाळ्यात अगदी घट्ट बसविलेला खण आषाढात उघडत नाही. थोडी फट ठेवावी.

शेवटी अभ्यासिकेविषयी. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड आपल्याकडे आहेत, आणि ते सध्या खोक्यात आहेत. ते जड ग्रंथ आहेत. पाऊण इंची फळी अडीच फुटांच्या पुढे आधाराशिवाय नेली तर मध्ये झोळ येतो, म्हणून मांडणीला मध्ये उभा आधार घेतला आहे. आयती मांडणी विकत आणावी असा ठराव पुढे आला होता. तो थांबवून आम्हाला दोन महिने दिल्याबद्दल कार्यकारिणीचे आभार. सर्व तुकडे कापून झाले आहेत, आणि जातकातल्या त्या सुतारांप्रमाणे मधल्या खांबापासून क्रमांक घातले आहेत. जोडणी येत्या रविवारी वंदनेनंतर सुरू होईल. मुलामुलींनी जुने कपडे घालून यावे, आणि ज्या ज्येष्ठांनी आम्हाला तो प्रश्न विचारला, त्यांनी पहिला स्क्रू बसवावा अशी त्यांना विनंती आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.