शेकोटीत काय जळतंय?

(युसूफ वडगाव, ता. केज, जि. बीड येथील बचत गट समन्वयक ताईंनी सामुदायिक रेडिओवर केलेलं हे भाषण.)

रेडिओचा आवाज थोडा वाढवा आणि हातातलं काम चालू ठेवूनच ऐका. निवडायची तूर समोर असेल तर ती निवडत निवडत ऐका. आजचं बोलणं घरातल्या कचऱ्याचं आहे. तुम्ही म्हणाल, कचऱ्यावर काय बोलायचं? झाडला, लोटला, टाकला. पण तो टाकल्यावर जातो कुठं, तेवढंच आज बघू.

थंडी पडली की गल्लोगल्ली शेकोट्या पेटतात. तुराट्या, पऱ्हाट्या, वाळलेला काडीकचरा पेटवला तर आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीतच आहे. पण अलीकडं लवकर पेट घ्यावा म्हणून खाली कॅरीबॅग घालतात. वरून दुधाच्या पिशव्या, फाटकी चप्पल, पाइपाचा तुकडा, सायकलचं टायर. चूल पेटवतानासुद्धा रॉकेल मिळत नाही म्हणून प्लॅस्टिकची पिशवी लावायची सवय लागली आहे. आणि हिवाळ्यात सकाळची हवा थंड आणि जड असते, धूर वर जात नाही, गल्लीतच तरंगतो. त्या धुराजवळ बसतं कोण? शाळेला निघालेलं लेकरू, दम्याची म्हातारी आणि चुलीपुढची आपण.

साधा काडीकचऱ्याचा धूरही बाधतोच. पण प्लॅस्टिकच्या धुराची गोष्ट वेगळी. पाइप, वायरचं आवरण, रेक्झिन यांत पीव्हीसी असतं. ते जळालं की त्यातून घशाला, डोळ्याला झोंबणारा आम्लाचा वायू निघतो आणि डायॉक्सिन नावाचं विषही तयार होतं. हे विष राखेत राहतं, चाऱ्यावर बसतं, चारा गाय-म्हैस खाते आणि ते दुधातल्या स्निग्धांशात उतरतं. म्हणजे सकाळी शेकोटीत टाकलेली वस्तू फिरून आपल्याच घरच्या दुधाच्या पातेल्यात येऊ शकते. म्हणून पहिली गोष्ट ही की शेकोटी खुशाल करा, पण तिच्यात फक्त लाकूड, काडी आणि गोवरी.

आता दुसरी बाजू. दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातली कितीतरी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागं गावात राहतात म्हातारी माणसं, शाळेतली लेकरं आणि ज्यांच्या घरचा कोयता बाहेर पडला नाही त्या आपण. गाव अर्धं रिकामं होतं, कचरा मात्र अर्धा होत नाही. उलट याच दिवसांत सणवार असतात, पंगती असतात, लग्नसराई सुरू होते. म्हणजे हिवाळ्यातलं गाव सांभाळायचं काम मागं राहिलेल्या बायांच्याच पदरात पडतं. ते काम नीट वाटून घ्यायचं का एकमेकींकडं बघत बसायचं, हे आपल्याला ठरवावं लागेल.

शहरात ओला कचरा आणि सुका कचरा असं सांगतात. आपल्या खेड्यात ओल्याची फार अडचण नाही. भाजीची देठं, शिळी भाकरी, भाताचं पाणी जनावराला जातं. शेण आणि गोठ्याचा केर उकिरड्यावर जातो, उकिरड्याचं खत शेतात जातं. हे चक्र आपल्या आज्या-पणज्यांनी बसवलेलं आहे आणि ते उत्तम आहे. ते मोडलं प्लॅस्टिकनं. उकिरड्यात वेफर्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, कॅरीबॅगा मिसळल्या की खताबरोबर त्या वावरात पसरतात. नांगरताना फाळाला चिंध्यांसारख्या गुंडाळून वर येतात. आणि खरकटं भरून, गाठ मारून फेकलेली पिशवी जनावर गाठीसकट गिळतं. पोटात तिचा गोळा होतो. चारा खाऊनही जनावर खंगत जातं आणि कारण कळेपर्यंत उशीर झालेला असतो. गटाचं कर्ज काढून म्हैस घ्यायची आणि दोन रुपयांच्या पिशवीनं ती घालवायची, हा हिशोब कोणत्या वहीत बसतो?

म्हणून आपल्याला रंगीबेरंगी डबे नकोत. खताचं एक रिकामं पोतं धुऊन खुंटीला टांगा. प्लॅस्टिक म्हणून जे जे घरात येईल ते त्यात. दुधाची पिशवी पाण्यानं खळबळून, वाळवून टाका. महिनाभरानं पोतं गटाच्या बैठकीला आणा. पुठ्ठा, बाटल्या, लोखंड, दुधाच्या पिशव्या भंगारवाला घेतो. घरोघरी चार रुपयांसाठी त्याच्याशी घासाघीस करण्यापेक्षा गटानं एकत्र विकलं तर वजनही मोठं आणि भावही बरा. चमकीच्या पाकिटांना मात्र गिऱ्हाईक नाही. ती जाळायची नाहीत, उकिरड्यात टाकायची नाहीत, वेगळी साठवून ग्रामपंचायतीच्या ताब्यात द्यायची. पॅड कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे द्या. काच, ब्लेड, सुया डब्यात घाला. कचरा उचलणाऱ्या बाईचे हातही आपल्यासारखेच आहेत.

आता खताचं. हिवाळा हा खड्डा भरायचा हंगाम आहे. सोयाबीनचं भूस, तुरीचा पाला, गोठ्याचा केर सगळं हाताशी असतं. पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी काढलेली नाडेप पद्धत तुम्ही ऐकली असेल, त्यांच्याच नावावरून हे नाव पडलं. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असं विटांचं टाकं, भिंतीत हवेसाठी भोकं ठेवलेली. त्यात सहा इंच काडीकचरा, त्यावर शेणकाला, त्यावर चाळलेली माती, असे थर देत टाकं भरायचं आणि वरून शेणमातीनं लिंपायचं. एक-दोन दिवसांत भरून झालं पाहिजे, म्हणून हे काम एकटीचं नाही, गटाचं आहे. तीन-चार महिन्यांत खत होतं. पौषात भरलेलं टाकं वैशाखात उघडेल, म्हणजे मृगाच्या आधी खत तयार. थंडीत कुजणं मंदावतं, तेव्हा टाकं उन्हाच्या बाजूला घ्या, भेगा पडल्या की लिंपा आणि ओल टिकवा.

पावसाळ्यात लावलेल्या झाडांकडंही याच दिवसांत बघायला हवं. जुलैत फोटो निघतात, पण झाड जगतं का मरतं ते डिसेंबर ते मे या महिन्यांत ठरतं. बुडाशी आळं करा, त्यात पालापाचोळा, पाचट पसरा, म्हणजे ओल उडत नाही. गळकं मडकं बुडाशी पुरून त्यात पाणी भरलं तर थोडक्या पाण्यात झाड निभावतं. आपल्या तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. आपल्याकडं झाडाला तांब्याभर पाणीही विचार करूनच घालावं लागतं.

सणांचं दोन शब्दांत सांगते. येळवशीला वावरात पंगत बसते. तिथं थर्माकोलच्या पत्रावळ्या वाऱ्यानं चार शेतं फिरतात. प्लॅस्टिकची ताटं, वाट्या, चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि आपल्या राज्यात थर्माकोलची ताटं-वाट्या आणि कॅरीबॅगा २०१८ पासूनच बंद आहेत. पळसाच्या पानांची पत्रावळ आणि द्रोण करणाऱ्या बाया अजून आहेत, त्यांना आधी सांगून ठेवा. संक्रांतीला प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या वाण म्हणून देतो, त्यातलं निम्मं चैत्राच्या आत फुटतं. यंदा जुन्या साडीची शिवलेली पिशवी द्या, मेथी-कोथिंबिरीचं बी द्या, कढीपत्त्याचं रोप द्या. शिवणकाम करणाऱ्या गटाला कामही मिळेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पैशाचं. गाव स्वच्छ ठेवा म्हटलं की सगळे बायांकडं बघतात. जणू आपला वेळ फुकट. गाडगेबाबांनी खराटा हातात घेतला, त्यांची पुण्यतिथी २० डिसेंबरला असते. त्या दिवशी फोटोपुरता झाडू सगळेच धरतात. दुसऱ्या दिवशी कोण झाडतं? आणि तिला काय मिळतं? पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांनी १९९३ मध्ये आपली संघटना बांधली. पुढं त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. घरोघरून कचरा घ्यायचा, त्याचं ठरलेलं शुल्क घ्यायचं आणि सुका माल विकून आलेले पैसेही आपलेच. कामाला नाव मिळालं, ओळखपत्र मिळालं. खेड्यात का होऊ नये?

पैसा नाही, असं उत्तर येईल. तेव्हा हे पाठ करून जा. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी ६० रुपयांपर्यंत आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपयांपर्यंत तरतूद ठरली. चार हजार वस्तीच्या गावाला तो आकडा २ लाख ४० हजार होतो. यातला ३० टक्के वाटा वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा असं ठरलं होतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत तर शंभरातले ३० रुपये स्वच्छतेसाठीच राखलेले होते. आपल्या गावाच्या नावावर किती आले आणि कशावर गेले, हे ग्रामपंचायतीला विचारायचा हक्क गावातल्या प्रत्येक बाईला आहे. नम्रपणे विचारा, पण लेखी विचारा.

२६ जानेवारीला ग्रामसभा असते. तिच्याआधी महिलांची वेगळी सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. बऱ्याच ठिकाणी ती फक्त सह्यांची वही फिरवून होते. यंदा सही करण्याआधी बसायला जागा मागा आणि तीन ठराव लिहून न्या. एक, सुक्या कचऱ्यासाठी पत्र्याची शेड. दोन, कचरा गोळा करण्याचं काम गटाला, ठरलेल्या मानधनावर, हातमोजे आणि गाडीसकट. तीन, गावात प्लॅस्टिक आणि टायर जाळायला बंदी. ठराव मोठ्यानं वाचा, इतिवृत्तात लिहून घ्या, आणि लिहिलेलं वाचून बघितल्यावरच अंगठा किंवा सही द्या.

ज्या मैत्रिणी फडावर आहेत, त्यांचाही यात वाटा आहे. त्या उन्हाळ्याच्या तोंडी परततील, तेव्हा त्यांच्या दारातलं झाड हिरवं असावं आणि मागं राहिलेली त्यांची लेकरं खोकत नसावीत, एवढं आपल्या हातात आहे. पोतं आजच धुवा. गटाच्या पुढच्या बैठकीत ठरावाचा कागद घेऊन भेटू.