आमचे राजकारण आले कोठून?



"तुमचा पक्ष कोणता?" असं लोक आम्हाला विचारतात. पक्ष फुटतात, जुळतात. आमचा विचार मात्र पक्का आहे. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला. संविधानाने तो दिला. आमच्या निरक्षर आजीचं मत कारखानदाराच्या मताएवढंच मोलाचं ठरलं. ते नोटांच्या पाकिटापायी विकायचं कसं?

दुसरी गोष्ट. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले, की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. म्हणून आम्ही आपल्याच माणसालाही विचारतो: पोरांच्या शिष्यवृत्तीचं काय केलंत? वस्तीच्या पाण्याचं काय? याला कुणी गद्दारी म्हणोत. आम्ही याला बाबासाहेबांची शिकवण म्हणतो.

जयभीम!