वाळा : एका बहुवर्षायु गवताची ओळख

उन्हाळा सुरू झाला कीं माठांत वाळ्याची लहानशी जुडी पडते. पाण्याला येणारा तो मंद गंध सर्वांच्या परिचयाचा असतो. परंतु ज्या गवताचीं तीं मुळें, तें गवत शहरवासीयांपैकीं फारच थोड्यांनीं पाहिलेलें असतें.

वाळा हा तृणकुलांतला. ज्वारी व ऊस हे त्याचे जवळचे आप्त. संस्कृतांत त्यास उशीर म्हणतात. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकाच्या आरंभीं शकुंतलेचा ताप शमविण्यासाठीं नेला जाणारा लेप याच उशीराचा. लिनियस यानें १७७१ सालीं या गवताचें शास्त्रीय वर्णन केलें. हल्लीं वनस्पतिशास्त्रांत तें ‘क्रायसोपोगॉन झिझॅनिऑइडिस’ या नांवानें ओळखलें जातें. ‘व्हेटिव्हर’ हें त्याचें प्रचलित नांव तामीळ शब्दावरून आलें असून त्यांतील ‘वेर्’ म्हणजे मूळ.

वाळ्याचे ठोंब दाट आणि पुरुषभर उंच होतात. पानें लांब, अरुंद व ताठ असतात. फुलोरा जांभळट असून त्यांत कणिशकें जोडीजोडीनें येतात. एक बिनदेठाचें व उभयलिंगी, दुसरें देठाचें व नर. दूर्वेप्रमाणें याला सरपटणारे फुटवे येत नाहींत. म्हणून लाविलेल्या जागींच तो वाढतो, शेजारच्या पिकांत शिरत नाहीं. मुळें मात्र आडवीं न पसरतां सरळ खालीं उतरतात आणि अनुकूल जमिनींत ३ ते ४ मीटर खोल जातात.

भारत ही या गवताची जन्मभूमि. नदीकांठच्या ओलसर, सखल भूमींत तें आपोआप उगवतें. उत्तरेकडील रानटी वाळ्यास फुलें व बीं येतें. दक्षिणेंत लागवडींत असलेल्या प्रकारास बीं क्वचितच धरतें, म्हणून तो ठोंब फोडूनच लावितात. सुगंधी तेलासाठीं तो जावा, हैती, रीयुनियन या बेटांवरहि गेला.

मातींत घट्ट रुजलेल्या या मुळांचा दुसरा उपयोग तितकाच मोठा आहे. उतारावर आडव्या ओळींत लाविलेला वाळा पावसाच्या पाण्याचा वेग मोडतो. पाणी झिरपतें, गाळ मागें साचतो आणि कालांतरानें तेथें पायरी तयार होते. फिजी बेटांतील उसाच्या मळ्यांत १९५० नंतरच्या दशकांत हा उपाय योजिला गेला. १९८० नंतर जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनीं भारतांत त्याचा पुरस्कार केला.

येथेंच एक पेंच उभा राहतो. सुगंध मुळांत आणि माती धरण्याची शक्तिहि मुळांतच. तेलासाठीं वा ताट्यांसाठीं मुळें खणलीं कीं उतारावरील माती सैल होते व पहिल्याच पावसांत वाहून जाते. हैतींतील डोंगरउतारांनीं हें नुकसान सोसलें आहे. म्हणून सुगंधाचा वाळा सपाट शेतांत लावावा आणि बांधावरच्या वाळ्यास कुदळ लावूं नये, हाच शहाणपणाचा मार्ग. माठांतली जुडी चार दिवस पाणी सुवासिक करील. बांधावरचा ठोंब पुढच्या पिढीचें शेत राखील.