गाडीवर उडालेला रंग आणि छातीत गेलेला रंग

(मरोदा, भिलाई येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या सभेत केलेले भाषण)

पगार-पेन्शनचे नेहमीचे विषय आज बाजूला ठेवून मी एका साध्या गोष्टीवर बोलणार आहे : गाडीवर उडालेला रंग कसा काढायचा. हसू नका. आपल्यापैकी बहुतेकांनी गाडी हप्त्याने घेतलेली असते. ड्यूटी संपवून बाहेर यावे आणि तिच्यावर करडे ठिपके दिसावेत, तेव्हा काय वाटते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मरोद्याला हा प्रश्न दुहेरी आहे. दल्ली-राजहऱ्याचा मार्ग आपल्या स्टेशनावरून जातो. खनिजाची धूळ आणि ब्रेकचा कीसही गाडीवर बसतो. म्हणून आधी नीट ओळखा. गाडी धुवून वाळवा, हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि बोटे हळूच फिरवा. खरखर लागली तर काहीतरी चिकटले आहे. ठिपके तपकिरी-नारिंगी असतील तर ते गंजलेले लोखंड. सगळे एकाच रंगाचे आणि वाऱ्याच्या बाजूला जास्त असतील, तर तो फवाऱ्याचा रंग.

ऑइल पेंट हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू कडक होतो. म्हणून पहिल्याच दिवशी हात घातला तर निम्मे कष्ट वाचतात. आधी भरपूर पाण्याने आणि शाम्पूने धुवा. कोरडे पुसू नका, धुळीने ओरखडे पडतात. ताजा ऑइल पेंट मऊ कापडावर थोडे टर्पेंटाइन घेऊन निघतो. आधी एखाद्या आडोशाच्या कोपऱ्यात करून पाहा, आणि पुसल्यावर लगेच साबणाच्या पाण्याने धुवा. थिनर वापरू नका. तो उडालेल्या रंगाबरोबर गाडीचा मूळ रंगही काढतो. वापरलेल्या चिंध्यांचा ढीग ठेवू नका. ऑइल पेंटच्या चिंध्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या पाण्यात भिजवून ठेवा.

रंग वाळला असेल तर गाड्यांच्या सामानाच्या दुकानातून क्ले बार आणा. ती एक मऊ माती असते. कणकेसारखी मळून चपटी करा, साबणाचे पाणी सढळ हाताने शिंपडा आणि दाब न देता सरळ रेषेत फिरवा. मळली की घडी घालून नवी बाजू घ्या. जमिनीवर पडली तर फेकून द्या, कारण त्यात शिरलेला एक खडा सगळी टाकी ओरबाडतो. शेवटी पॉलिश आणि वॅक्स लावा.

काच ओली ठेवून नवे पाते तिरपे धरा आणि एकाच दिशेने ढकला. आतून फिल्म किंवा तापवण्याच्या तारा असतील तर त्या बाजूला पाते लावू नका. हेडलाइट आणि हेल्मेटची काच ही प्लास्टिकची असते. तिथे पाते नको, थिनरही नको. हेल्मेटच्या कवचाला तर सौम्य साबणाशिवाय काहीच लावू नका. थिनरने ते चकचकीत होईल, पण कमजोरही होऊ शकते. ठिपक्यांचे हेल्मेटसुद्धा डोके वाचवते.

आता खरा मुद्दा. काही वर्षांपूर्वी माझ्याच स्कूटरवर असा रंग उडाला. शेजारी एका शेडच्या कैच्यांना फवाऱ्याने रंग देणे चालू होते आणि वारा सुटला होता. आम्ही दहा-बारा जण गेलो आणि रंगाऱ्याला घेरले. ठेकेदाराचा रोजंदारीचा माणूस. तोंडाला रुमाल, पापण्या करड्या. "याची मजुरी कापून भरपाई द्या," असे आपल्यातलाच एक जण म्हणाला आणि मी मान डोलावली. त्याची मला आजही लाज वाटते. तो खोकत सांगत होता, की सकाळीच त्याने ताडपत्री मागितली होती. संध्याकाळपर्यंत काम संपव, एवढेच उत्तर त्याला मिळाले होते.

मग आम्ही ठेकेदाराला गाठले. आम्हाला पैसे मिळाले नाहीत. पण त्या माणसाची मजुरी कापली गेली नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून काम ब्रशने सुरू झाले.

हार्डनर मिसळून वापरायच्या पॉलियुरेथेन रंगांत आयसोसायनेट असते. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये सुटलेले मिथाइल आयसोसायनेट याच कुळातले. रंगातला पदार्थ तोच नव्हे, पण त्याच्या फवाऱ्यानेही दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की मग थोड्याशा मात्रेनेही उसळतो. रुमालाने तो अडत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना देणे मालकांवर बंधनकारक झाले. २०१६ च्या नियमांनी रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा घातली, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. लोखंडी कामाचे औद्योगिक रंग तिच्या बाहेरच राहिले.

म्हणून आपली मागणी साधी असावी. जमेल तिथे ब्रश किंवा रोलर. वारा असेल तर फवारा बंद. ताडपत्री आणि योग्य मुखवटा ठेकेदाराने द्यावा. गाड्या हलवण्याची सूचना आदल्या दिवशी फलकावर लागावी.

साथींनो, गाडीवरचा रंग आपण एका सुट्टीच्या सकाळी काढू. छातीत गेलेला काढता येत नाही. पुढच्या वेळी ठिपके दिसले, तर रंगाऱ्याची कॉलर धरू नका. त्याला बरोबर घेऊन ठेकेदाराकडे जा.

एवढे बोलून मी थांबतो.