अग्नीच्या उदरातील शीतलता

(घाटकोपर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



घाटकोपरच्या रहिवाशांना विमानाचे अप्रूप उरलेले नाही. पूर्वेकडून येऊन सहारच्या मुख्य धावपट्टीवर उतरणारी विमाने याच वस्तीच्या माथ्यावरून जातात. घरातले संभाषण क्षणभर थांबते, विमान पुढे सरकते, संभाषण पुन्हा सुरू होते. त्या घरघराटाच्या पोटात जी आग धगधगत असते, तिचा विचार सहसा कुणी करत नाही. त्या आगीत तासन्‌तास उभे राहून फिरणारे बोटभर लांबीचे एक धातूचे पाते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. विषय यंत्रशास्त्राचा असला तरी त्याचा धागा थेट राष्ट्राच्या सामर्थ्याशी जाऊन पोहोचतो, आणि वाटेत तो विक्रोळीलाही थांबतो.

जेट इंजिनाची रचना तत्त्वतः साधी आहे. पुढून हवा आत घ्यावी, दाबावी, तीत इंधन जाळावे आणि तप्त वायू मागे फेकावा. मागे जाणारा हा वायू जाता जाता टर्बाइनची चाके फिरवतो आणि त्याच फिरण्यावर पुढचा संपीडक, म्हणजे कॉम्प्रेसर, चालतो. वायू जितका अधिक तप्त, तितके तेवढ्याच हवेतून अधिक काम मिळते. म्हणून गेली ऐंशी वर्षे जगभरचे अभियंते हे तापमान वाढवण्याच्या मागे लागले आहेत. आजच्या मोठ्या इंजिनात उड्डाणाच्या वेळी टर्बाइनच्या तोंडाशी येणारा वायू दीड हजार अंश सेल्सिअसच्याही वर असतो. आणि ज्या निकेलच्या मिश्रधातूची पाती तेथे असतात, तो धातू तेराशे अंशांच्या आसपास वितळू लागतो! म्हणजे पाते ज्या प्रवाहात उभे आहे, तो प्रवाह त्याला वितळवण्यास पुरून उरणारा आहे. त्यातच ते मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेत असते. या फिरण्यामुळे मोठ्या इंजिनातील एकेका पात्यावर पडणारा ताण असा की, जणू बेस्टची प्रवाशांनी भरलेली बस त्याला टांगली आहे.

मग ते टिकते कसे? उत्तर ऐकून हसू यावे असे आहे: हवेने. तीही थंड हवा नव्हे. संपीडकात दाबली गेलेली हवा स्वतःच पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापलेली असते. पण दीड हजार अंशांच्या शेजारी सहाशे अंश हा गारवाच म्हणायचा. ही हवा ज्वलनकक्षाला वळसा घालून पात्याच्या मुळातून आत शिरते. पाते भरीव नसते. त्याच्या पोटात नागमोडी वाटा असतात, वाटांच्या भिंतींवर बारीक उंचवटे असतात, जेणेकरून हवा घुसळली जाऊन जास्त उष्णता उचलील. अखेरीस ती हवा पात्याच्या कातडीवरील जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रांतून बाहेर पडते आणि पात्याभोवती पातळ पडद्यासारखी लपेटून राहते. तप्त वायू आणि धातू यांच्यामध्ये हा पडदा उभा असतो. वरून झिर्कोनियाच्या मृत्तिकेचा, केसाच्या दोन-तीन पट जाडीचा लेप दिलेला असतो. तोही शंभरेक अंशांचा भार स्वतःवर घेतो.

यात एक हिशेब दडलेला आहे आणि तो गृहिणींना लगेच उमगेल. थंड करण्यासाठी काढून घेतलेली हवा दाबण्यावर आधीच शक्ती खर्च झालेली असते, आणि तिचे पूर्ण काम मात्र मिळत नाही. इंजिनाच्या गाभ्यातील हवेचा सुमारे पाचवा हिस्सा अशा रीतीने शीतलीकरणावर जातो. तापमान वाढवून कमावलेले अशा वाटेने गळू द्यायचे नाही, ही खरी कसोटी. म्हणून छिद्र कोठे असावे, कोणत्या कोनात असावे, यावर प्रयोगशाळांची आयुष्ये खर्ची पडतात.

या शास्त्राचा आरंभ गरजेतून झाला. ब्रिटनच्या फ्रँक व्हिटल यांच्या ज्या इंजिनावर मे १९४१मध्ये पहिले ब्रिटिश जेट विमान उडाले, त्या इंजिनाच्या मालिकेत टर्बाइनची चकती आरंभी पाण्याने थंड केली जात असे. तिकडे जर्मनीत निकेलचा तुटवडा होता. म्हणून युमो इंजिनासाठी पोकळ पाती बनवून त्यांतून हवा खेळवली गेली. त्या इंजिनांचे आयुष्य पंचवीस तासांच्या आतबाहेरच राही. धातू नाही म्हणून युक्ती शोधली आणि पुढे तीच युक्ती उत्तम धातू असणाऱ्यांनाही स्वीकारावी लागली. मुंबईने जेटयुग पाहिले ते १९६०मध्ये, एअर इंडियाची बोइंग ७०७ विमाने सांताक्रूझला आली तेव्हा. त्यांना रोल्स-रॉइसची कॉन्वे इंजिने होती. हवेचा एक भाग ज्वलनकक्षात न नेता बाजूने वाहू देण्याची, आज सर्वत्र रूढ झालेली पद्धत प्रवासी वाहतुकीत प्रथम आणली ती याच इंजिनाने.

पाते घडवण्याची रीत तर विलक्षण आहे. आतल्या नागमोडी वाटांचा साचा आधी मृत्तिकेत करतात. त्याभोवती मेणाचे पाते घडवतात. मेणावर मृत्तिकेचे थरावर थर चढवतात, मग तापवून मेण वितळवून काढतात आणि पोकळीत निर्वातात धातूचा रस ओततात. येथे भारतीय श्रोत्याच्या मनात एक तार छेडली जाणे स्वाभाविक आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मूर्ती ओतण्याची हीच मेणाची विद्या सांगितली आहे. मेणाच्या वजनाच्या किती पट कोणता धातू घ्यावा, याचे प्रमाणही तेथे दिले आहे. विदर्भ-मराठवाड्यापासून तंजावरपर्यंतच्या ओतकामात ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. मात्र येथे अभिमानाला तारतम्याची जोड हवी. मूर्ती ओतणाऱ्या हाताला जे येत होते, त्याच्या पुढची एक पायरी विसाव्या शतकाने गाठली आणि ती आपण गाठली नव्हती.

ती पायरी अशी. साधा धातू थिजतो तेव्हा त्यात असंख्य लहान स्फटिक तयार होतात. उष्णता आणि ओढ यांच्या माऱ्यात पाते फाटते ते या स्फटिकांच्या सांध्यांवर. मग सांधेच नकोत! साचा भट्टीतून अतिशय सावकाश खाली उतरवतात. तळाशी जन्मलेले अनेक स्फटिक एका पिळाच्या अरुंद वाटेतून वर चढू पाहतात आणि त्यांतला एकच पुढे जातो. अख्खे पाते त्या एका स्फटिकाचे होते. त्यानंतर आतली मृत्तिका क्षाराने विरघळवून काढतात, तेव्हा वाटा मोकळ्या होतात. प्रवासी विमानांत अशी एकस्फटिकी पाती १९८०च्या दशकाच्या आरंभी आली. ज्या देशांना ही विद्या साधली, ते ती सहजासहजी दुसऱ्याला देत नाहीत, आणि त्यांनी का द्यावी?

आता स्वदेशाकडे वळू. बेंगळुरूच्या गॅस टर्बाइन संशोधन संस्थेकडे १९८९मध्ये ‘कावेरी’ इंजिनाचे काम सोपवले गेले. ते तेजस या लढाऊ विमानासाठी होते. भारतातील उन्हाळ्यातही रेटा घटू नये, असा विचार त्याच्या आराखड्यातच होता. अपेक्षित रेटा सुमारे ८१ किलोन्यूटन होता. प्रत्यक्षात तो तेथवर पोहोचला नाही आणि वजनही ठरल्यापेक्षा जास्त भरले. २००८मध्ये कावेरी तेजसपासून वेगळे करण्यात आले. नोव्हेंबर २०१०मध्ये त्याची हवाई चाचणी झाली ती रशियात, इल्यूशिन-७६ विमानाला लटकवून. कारण अशा चाचणीचे विमान आपल्याकडे नव्हते. उंचीवरची परिस्थिती निर्माण करणारे चाचणीगृहही आपल्याकडे नव्हते. अपयशाची चर्चा करणारे हे दोन तपशील बहुधा सांगत नाहीत.

याची किंमत काय, ते अलीकडे सर्वांनी पाहिले. तेजसच्या नव्या आवृत्तीसाठी २०२१मध्ये अमेरिकेच्या जीई कंपनीकडे ९९ इंजिनांची मागणी नोंदवली गेली. त्यांतले पहिले इंजिन मार्च २०२५मध्ये हाती आले, ठरल्या वेळेच्या बरेच उशिरा. विमानाचे सांगाडे उभे आणि इंजिनाची वाट पाहणे चालू! वायुदलाच्या प्रमुखांना जाहीर नापसंती व्यक्त करावी लागली. सीमेवर कोणते विमान उभे राहील, हे सातासमुद्रापलीकडच्या एका कारखान्याच्या वेळापत्रकावर ठरावे, ही अवस्था स्वाभिमानी राष्ट्राला बोचणारीच आहे.

दुसरीकडे काही पावले पडली आहेत. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने एकस्फटिकी पात्यांचे तंत्र विकसित केले आणि एप्रिल २०२१मध्ये हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी ६० पाती हिंदुस्थान एरोनॉटिक्सला दिली. आणि येथून हाकेच्या अंतरावर, विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात ऐंशीच्या दशकापासून इस्रोच्या ‘विकास’ इंजिनाचे काम चालते. कुलुपे आणि कपाटे बनवणारे म्हणून ज्यांना मुंबईकर ओळखतात, त्यांच्याच आवारात अग्निबाणाच्या ज्वलनकक्षाला आकार मिळतो. चांद्रयान-३ जुलै २०२३मध्ये ज्या अग्निबाणावर गेले, त्यात दोन विकास इंजिने होती आणि वरच्या टप्प्यात अतिशीत क्रायोजेनिक इंजिन होते. विकासच्या कक्षात सुमारे तीन हजार अंशांची ज्वाला असते. तेथे भिंतीलगत इंधनाचाच पातळ थर सोडून भिंत वाचवतात. अतिशीत इंजिनात उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन जळण्यापूर्वी भिंतीतल्या बारीक नाल्यांतून फिरतो आणि ती थंड ठेवतो.

मग ज्यांना तीन हजार अंश आवरता येतात, त्यांना दीड हजार का जड जावेत? प्रश्न रास्त आहे. उत्तर काळात आहे. अग्निबाणाच्या इंजिनाला काही मिनिटे जळायचे असते, नंतर ते समुद्रात किंवा अवकाशात जाते. प्रवासी विमानाचे इंजिन हजारो तास पंखाला लागलेले राहते. रोज तापते, रोज निवते. या तापण्या-निवण्यानेच धातू थकतो. त्याच विक्रोळीच्या कारखान्याला २०२३मध्ये कावेरीवर आधारलेल्या, पश्चज्वलन नसलेल्या इंजिनाचे आठ भाग-संच बनवण्याचे काम मिळाले. ४८ किलोन्यूटन गटातले हे इंजिन मानवरहित विमानासाठी योजलेले आहे. लढाऊ विमानाला ते पुरेसे नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. पण कारागिराचा हात ज्या कामावर बसतो ते काम असे सुरू झाल्याशिवाय हात बसत नाही.

मुंबईची हवा या यंत्राला फारशी मानवत नाही. समुद्राच्या वाऱ्यातले मीठ आणि इंधनातले गंधक यांचा संयोग होऊन तप्त पात्याचा लेप कुरतडला जातो. आखाताच्या वाऱ्या करणाऱ्या विमानांना वाळू भेटते. बाराशे अंशांच्या पुढे ती काचेसारखी वितळते, लेपात झिरपते, छिद्रे बुजवते. छिद्र बुजले की हवेचा पडदा तेवढ्या जागी फाटला! जून १९८२मध्ये लंडनहून मुंबई, मद्रास, क्वालालंपूर या मार्गाने निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या जम्बो विमानाची चारही इंजिने जावाच्या आकाशात एकापाठोपाठ बंद पडली. गालुंगुंग ज्वालामुखीची राख इंजिनात वितळून चिकटली होती. विमान तरंगत खाली आले, बंद इंजिने निवली, थिजलेली राख तडकून सुटली आणि इंजिने पुन्हा सुरू झाली. त्या रात्री त्या प्रवाशांना वाचवले ते निवण्याने.

वैमानिकही या उष्णतेचा रोज हिशेब ठेवतो. बहुतेक इंजिने तीस अंशांच्या आसपासच्या हवेपर्यंत पूर्ण रेटा देतात. मे महिन्यात दुपारी सहारला पारा त्यापलीकडे गेला की पाती वाचवण्यासाठी रेटा कमी ठेवावा लागतो. उलट विमान हलके असेल आणि धावपट्टी लांब असेल, तर वैमानिक यंत्रणेला मुद्दाम खोटेच जास्त तापमान कळवतो. इंजिन बेताने चालते आणि पात्यांचे आयुष्य वाढते. यंत्राच्या हितासाठी बोललेले हे असत्य सर्व नियमपुस्तकांना मान्य आहे.

आणि विमान घाटकोपरवरून पुढे जाऊन धावपट्टीला टेकले तरी काम संपत नाही. इंजिन लगेच बंद करत नाहीत. दोन-तीन मिनिटे मंद चालू ठेवून आतला धातू सावकाश निवू देतात. बंद केल्यावर कोंडलेली उष्णता वर चढते, आसाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा गरम राहते आणि आस किंचित वाकतो, डोळ्यांना कधीच न दिसणारा. नव्या इंजिनांत पाती आणि कवच यांमधली फट इतकी सूक्ष्म असते की तेवढा बाकही घासायला पुरतो. म्हणून पुढच्या उड्डाणापूर्वी, प्रवासी आसनांवर बसून पट्टे आवळत असताना, इंजिन काही वेळ इंधनाविना नुसतेच फिरवले जाते. आतून वारा खेळतो, आस सरळ होतो, आणि मगच ज्योत पेटते.