ढगातील दप्तर आणि त्याची राखण
(महोत्सवी समारंभात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवात गौरवाची भाषणे पुष्कळ होतात, व ती व्हावीतही. परंतु चिटणीसांनी आम्हांला निराळ्याच विषयावर बोलण्याची आज्ञा केली. संस्थेचे दप्तर आता क्लाउडवर गेले आहे, त्याची राखण कशी करावी हे सर्वांना समजेल अशा भाषेत सांगा, असे ते म्हणाले. आम्ही पडलो शाळामास्तर. तेव्हा वर्गात सांगतो तसेच सांगू.

प्रथम हे दप्तर कसले, ते ध्यानात घेऊ. शिष्यवृत्तीचा अर्ज करणारी मुलगी आधारची नक्कल, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला आणि पासबुकाचे पहिले पान आपल्या स्वाधीन करते. औषधोपचारासाठी मदत मागणारा गृहस्थ आजाराचे कागद देतो. एखादी निराधार भगिनी घरातली अडचण लिहून देते, जी तिने सख्ख्या भावालाही सांगितलेली नसते. आमच्या घरी अशा वस्तूला अमानत म्हणतात, मराठीत आपण ठेव म्हणतो. शब्द दोन असले तरी जबाबदारी एकच. ज्याची ठेव आहे त्याच्या परवानगीवाचून तिला परका हात लागता कामा नये.

आता क्लाउड म्हणजे काय? नाव ढगाचे असले तरी वस्तू जमिनीवरचीच आहे. दुसऱ्या कंपनीच्या इमारतीतील संगणकांवर आपण जागा भाड्याने घेतो, एवढाच त्याचा अर्थ. इमारतीचा पहारा, वीज व यंत्रे कंपनी सांभाळते. परंतु आपल्या खोलीची किल्ली कोणाकोणाला द्यायची हे भाडेकरूने ठरवायचे असते. पुष्कळांचा घोटाळा येथेच होतो. कंपनी मोठी आहे, तेव्हा सारे सुरक्षित आहे, असे ते समजतात.

ही राखण तीन कामांची असते. किल्ली कोणाला द्यायची ते ठरवणे, हे पहिले. कोण केव्हा आत गेला व त्याने काय उघडले याची नोंद ठेवणे, हे दुसरे. ती नोंद कोणीतरी वाचणे, हे तिसरे. यांतील तिसरे राहिले तर पहिली दोन असून नसल्यासारखी होतात. याची दोन उदाहरणे अमेरिकेत घडली आहेत.

पहिले २०१९ सालचे. कॅपिटल वन या मोठ्या बँकेने आपले दप्तर ॲमेझॉनच्या क्लाउडवर ठेवले होते. दाराशी बसवलेल्या एका राखणदार यंत्रणेच्या मांडणीत चूक राहिली होती, आणि त्या यंत्रणेला तिच्या कामाला लागतात त्याहून फार मोठे अधिकार दिलेले होते. दरवानाच्या हाती तिजोरीचीही किल्ली असावी, तसा हा प्रकार. मार्च महिन्यात एका बाहेरच्या व्यक्तीने त्या यंत्रणेलाच फसवून तात्पुरत्या किल्ल्या काढून घेतल्या आणि सातशेहून अधिक कप्प्यांची यादी मिळवली. सुमारे १० कोटी ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. माहिती सांकेतिक लिपीत होती, पण ती किल्ली लिपीही उलगडून देत होती!

आता मुख्य गोष्ट ऐका. या साऱ्या हालचालींच्या नोंदी बँकेच्या वहीत होत्या. पुढे तपासही त्या नोंदींवरूनच झाला. परंतु बँकेला जाग आली ती १७ जुलै रोजी, एका त्रयस्थाने ईमेल पाठवून कळवले तेव्हा. जवळजवळ चार महिने वहीत सारे लिहिलेले होते आणि कोणाची नजर तिच्यावर गेली नव्हती. ऑगस्ट २०२० मध्ये तेथील सरकारी बँक-नियंत्रकाने बँकेला ८ कोटी डॉलरांचा दंड केला.

दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट. २०२३ सालच्या मे-जूनमध्ये मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरील टपालपेट्यांत काही जण शिरले. त्यांच्या हाती लागलेली किल्ली २०१६ साली बनवलेली होती. ती कधीच रद्द व्हावयास हवी होती, तरीही ती चालत होती. खुद्द मायक्रोसॉफ्टलाही या शिरकावाचा सुगावा नव्हता. तो लागला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला. त्या खात्याने जादा पैसे मोजून सविस्तर नोंदी घेतल्या होत्या, आणि टपाल कोणी अनोळखी रीतीने उघडले तर आपल्याला इशारा मिळावा अशी योजना आधीच करून ठेवली होती. १५ जून रोजी इशारा आला, माणसांनी तो गांभीर्याने घेतला, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीला कळवले. पुढे सुमारे २२ संस्थांच्या पेट्या उघडल्या गेल्याचे निष्पन्न झाले. त्या खात्याचे सुमारे ६०,००० संदेश गेलेच, परंतु चोरी तेथे थांबली. यानंतर मायक्रोसॉफ्टने त्या सविस्तर नोंदी अधिक ग्राहकांना विनामूल्य खुल्या केल्या.

एकीकडे वही होती, वाचणारा नव्हता. दुसरीकडे वाचणारा होता. फरक तो एवढाच.

आपली संस्था लहान आहे, तेव्हा आपल्याला बेताचे नियम पुरेत. प्रत्येक कार्यकर्त्याचे खाते स्वतंत्र असावे. एकच पासवर्ड पाच जणांत फिरू लागला की नोंदवहीत नाव एकाचे आणि काम दुसऱ्याचे, असे होते, व वहीला अर्थ राहत नाही. शिष्यवृत्ती समितीला शिष्यवृत्तीचेच अर्ज दिसावेत, हिशेबनिसाला हिशेब. पासवर्डाखेरीज मोबाइलवरून दुसरी खातरजमा सर्वांना सक्तीची असावी. ‘लिंक असेल त्या कोणालाही पाहता येईल’ ही सोय अर्जांच्या बाबतीत बंद ठेवावी. निवडणुकीने मंडळ बदलले की जुन्या पदाधिकाऱ्यांचे अधिकार त्याच दिवशी काढावेत. हारतुरे संध्याकाळी, किल्ल्या सकाळी!

सर्वाधिकार असलेली खाती दोनच असावीत, आणि त्यांचे आणीबाणीचे संकेतांक मोहोरबंद पाकिटात संस्थेच्या तिजोरीत राहावेत.

नोंदींविषयी एक खबरदारी सांगतो. बऱ्याच सेवा काही महिन्यांनंतर जुन्या नोंदी आपोआप पुसून टाकतात. ॲमेझॉनची साधी नोंदवही ९० दिवसांचीच दिसते, आणि कोणता कागद कोणी उघडला याची नोंद तेथे मुद्दाम सुरू करावी लागते. आपल्या सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्या व सरकारी कचेऱ्यांना नोंदी १८० दिवस जपण्यास आणि विपरीत घटना सहा तासांत कळवण्यास सांगितले आहे. आपण निदान तेवढी मुदत पाळावी, आणि नोंदींची एक प्रत निराळ्या जागी ठेवावी, जेथे नोंद ज्याची आहे त्याला ती खोडता येणार नाही.

आणि दर महिन्याच्या सभेपूर्वी दोन सभासदांनी अर्धा तास बसून ती वही वाचावी. मध्यरात्री कोणी आत गेले काय, एकदम शेकडो कागद कोणी उतरवून घेतले काय, नवा अधिकार कोणाला मिळाला, एवढेच पाहावे. यासाठी अर्ज वाचण्याची मुळीच गरज नाही.

काही मंडळी म्हणतील, हा आमच्यावर अविश्वास झाला. वर्षानुवर्षे पदरमोड करून काम करणाऱ्यांना असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. परंतु दरसाल हिशेबतपासनीस येतात, तेव्हा कोशाध्यक्षांना अपमान वाटत नाही. उलट, तपासलेला हिशेब हीच त्यांची ढाल असते. उद्या एखाद्या मुलीचा कागद बाहेर फुटला आणि वही नसली, तर संशय साऱ्यांवर येईल आणि निर्दोष माणसाला आपले निर्दोषपण सिद्ध करता येणार नाही. वही त्याच्या बाजूने साक्ष देईल.

संस्थेला देणगी देणारे पुष्कळ असतात, आणि त्यांची नावे शिलेवर कोरली जातात. मदत मागणाऱ्यांची नावे मात्र कोठेही दिसू नयेत, हाच त्यांचा मान. तो राखण्याचे काम महिन्याच्या अर्ध्या तासात होण्यासारखे आहे. हा ठराव कार्यकारिणीच्या येत्या सभेत यावा, व पहिल्या पाळीला आमचे नाव घालावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.