हजेरीपट गावासमोर येतो तेव्हा

शासनदरबारी साठणारी माहिती कोणाची, हा प्रश्न आपल्या देशात ऐरणीवर आला तो विद्वानांच्या परिषदेत नव्हे. २ डिसेंबर १९९४ रोजी राजस्थानच्या पाली जिल्ह्यातील कोट किराना गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांचे कागद मजुरांसमोर वाचले गेले. कागदावर मजुरी कोणाच्या नावे पडली आणि प्रत्यक्ष कामावर कोण होते, हे गावाइतके कोणास ठाऊक असणार?

पुढे महाराष्ट्राने २००२ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये माहितीचा अधिकार कायद्याने दिला. केंद्रीय कायद्याचे चौथे कलम तर मागणीची वाट न पाहता माहिती प्रसिद्ध करण्यास सांगते. तथापि १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाच्या छायेत वाढलेली कार्यालयीन वृत्ती एकाएकी पालटत नाही. आकडा चुकला तर जाब द्यावा लागेल, ही धास्ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु दडवलेली चूक दुरुस्त कशी व्हावी?

जनतेचीही एक सवय आहे. स्वतःचा सातबारा हाती पडला की बहुतेकांची जिज्ञासा शमते. गावाचा जमाखर्च क्वचितच कोणी मागतो. शिवाय तक्त्याचे केवळ छायाचित्र संकेतस्थळावर चढवले, तर त्यातील रकमांची बेरीज पुन्हा हातानेच करावी लागते. २०१२ च्या राष्ट्रीय धोरणाने माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात खुली करण्यास सांगितले, ते याचसाठी. लाभार्थ्याचा बँक खाते क्रमांक मात्र त्यात येता कामा नये.